पॉटी चेअर की कमोडवरची सीट?

मूल दीड-दोन वर्षांचे झाले की बहुतेक घरांत हा प्रश्न निघतो. शी-शूची सवय लावण्यासाठी जमिनीवर ठेवायची छोटी पॉटी चेअर घ्यावी, की मोठ्यांच्याच कमोडवर बसवायची लहान सीट घ्यावी? माझ्या थोरल्या मुलाने पॉटी चेअर वापरली आणि धाकटी मात्र, दादा बसतो तिथेच मी बसणार असा हट्ट धरून, जवळजवळ थेट कमोडवर गेली. दोन्ही प्रकार घरात नांदून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की ही निवड करताना वस्तूचा रंग, आकार आणि किंमत यांपेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्यात: बसल्यावर मुलाचे पाय टेकतात का, आणि नंतर त्याला धुणार कुठे आणि कसे. पहिल्या गोष्टीबद्दल डॉक्टर सांगतात. दुसरीबद्दल मात्र बालसंगोपनाच्या इंग्रजी पुस्तकांत फारसे काही मिळत नाही, कारण ती कागदाने पुसणाऱ्या घरांसाठी लिहिलेली असतात.

पायांचे आधी सांगते. गुदाशयाभोवती पट्ट्यासारखा एक स्नायू असतो. एरवी तो गुदाशयाला पुढच्या बाजूला ओढून धरतो, त्यामुळे तेथे एक बाक तयार होतो आणि मल आत थोपवून धरता येतो. माणूस उकिडवा बसला, म्हणजे गुडघे कमरेच्या वर आले, की हा स्नायू सैलावतो, बाक बराचसा सरळ होतो आणि कमी जोर लावून पोट साफ होते. मूल उंच कमोडवर पाय लोंबकळत ठेवून बसले की याच्या नेमके उलट घडते. आपण पडू या भीतीने ते मांड्या आणि कुल्ले आवळून तोल सांभाळते, हातांनी सीटची कड घट्ट धरते, आणि जे स्नायू सैल पडायला हवेत तेच ताणलेले राहतात. पाय टेकलेले नसले तर शूसुद्धा पूर्ण होत नाही. थोडी राहून जाते आणि चड्डी घातल्यावर दोन मिनिटांत ओली होते. मोठी माणसे मग म्हणतात, ‘आत्ताच तर बसवले होते!’

आपल्याकडच्या आज्या-पणज्यांनी हा प्रश्न कोणतीही वस्तू न घेता सोडवला होता. बाळ मान धरू लागले की त्या पाटावर किंवा जमिनीवर पाय लांब करून बसत, बाळाला आपल्या दोन्ही पायांवर, घोट्यांच्या जवळ टेकवत, खाली कागद किंवा फडके घालत आणि तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज काढत. बाळाचे गुडघे आपोआप दुमडलेले राहत आणि पाठीला नडगीचा आधार मिळे. या पद्धतीत वेळ ओळखण्याचे काम आजीचे असे, बाळाचे नव्हे, त्यामुळे ‘आमची मुले वर्षाची असताना सांगायची’ हे विधान मी थोडे जपूनच ऐकते. परंतु बसण्याची पद्धत म्हणून त्यात काहीही उणे नव्हते. पॉटी चेअरचे सगळ्यांत मोठे बळ हेच आहे, की तिच्यावर मूल जवळजवळ तसेच बसते. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ ते ८८ सेंटिमीटर असते. बुटक्या पॉटीवर त्याची पावले पूर्ण टेकतात, गुडघे थोडे वर येतात आणि पुढे वाकून मांडीवर कोपरे टेकता येतात. कमोडची बैठक जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटर उंच असते. त्या उंचीवर बसलेल्या मुलाचे पाय अर्ध्यावरच संपतात.

म्हणून कमोडवरची सीट घेणार असाल, तर पायांखालचा स्टूल हा तिचाच भाग समजा. तो नंतर कधीतरी घेऊ असे म्हणू नका. स्टूलची उंची ठरवण्यासाठी मुलाला खुर्चीत बसवून गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजावे आणि कमोडच्या उंचीतून ते वजा करावे. येणाऱ्या आकड्याहून दोन-तीन सेंटिमीटर उंच स्टूल असला, तर गुडघे कमरेच्या किंचित वर राहतात. पाट यासाठी फार बुटका पडतो. चौरंगाची उंची जमू शकते, पण ती सूचना आमच्या घरी ज्या नजरेने परतवली गेली, ती पाहता मी प्लॅस्टिकच्या स्टूलवर समाधान मानले. स्टूल रुंद असावा, तळाला रबर असावे आणि तो ओल्या फरशीवर सरकत नाही ना, हे मुलाला चढवण्याआधी स्वतः पाय दाबून पाहावे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझलटन यांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला आणि ‘मूल तयार झाल्यावर शिकवा’ या विचाराला वैद्यकीय वजन मिळवून दिले. त्यांच्या पद्धतीची सुरुवात जमिनीवरच्या पॉटी चेअरने होते. आधी मुलाला ती ‘तुझी खुर्ची’ म्हणून द्यायची, कपड्यांसकट नुसते बसू द्यायचे, मग कपडे काढून बसवायचे, आणि डायपरमधली शी त्याच्यादेखत त्या भांड्यात टाकून ती कुठे जायला हवी हे दाखवायचे. दिवसाची सवय पूर्ण होण्याचे त्यांच्या नोंदींतील सरासरी वय २८.५ महिने होते. हा आकडा मला दिलासा देणारा वाटतो. महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल शाळेच्या दारात उभे राहते तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचे असते. सरासरीच सव्वादोन वर्षांच्या पुढे असेल, तर त्या वयात काही मुलांची सवय पक्की झालेली नसणे हे स्वाभाविकच म्हणायचे. शेजारच्या घरातले मूल आधी शिकले म्हणून आपल्या मुलाला उगाच दमात घेऊ नये.

आता धुण्याविषयी. पॉटी चेअरवर शी झाली की कामे दोन होतात, मूल धुणे आणि भांडे धुणे, आणि दोन्ही एकाच वेळी समोर येतात. मुलाला तसेच उचलून मोरीत किंवा बाथरूममध्ये न्यावे लागते आणि तोवर भांडे मागे पडून राहते. घरात एकच मोठे माणूस असेल आणि मूल चपळ असेल, तर हे अंतर किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगायला नको. म्हणून पॉटी चेअर हॉलमध्ये टीव्हीसमोर न ठेवता बाथरूमच्या आत किंवा अगदी दाराशी ठेवावी. भांड्यातले आधी कमोडमध्ये टाकावे, मग थोडे पाणी घालून हलवून तेही कमोडमध्येच ओतावे आणि त्यानंतरच साबण लावून भांडे घासावे. ते स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये किंवा तोंड धुण्याच्या बेसिनमध्ये कधीही धुऊ नये. लहान मुलाच्या शीची घाण वाटत नाही, हे आईबापांचे प्रेम झाले. जंतूंच्या बाबतीत ती मोठ्यांच्या मळाइतकीच धोकादायक असते. आणखी एक, हे काम घरकामाला येणाऱ्या मावशींकडे सरकवू नये.

कमोडवरच्या सीटमुळे भांडे धुण्याचे काम वाचते, पण मूल धुण्याची अडचण तिथेही आहेच. लहान सीटचे भोक इतके छोटे असते की मूल बसलेले असताना आपला हात नीट आत जात नाही. जेट स्प्रेचा दाब मोठ्यांसाठी असतो. त्या फवाऱ्याने दचकलेले मूल पुढच्या वेळी सीटवर बसायलाच नकार देते. मुलाला स्टूलवर उभे करून पुढे वाकवावे आणि टमरेलाने किंवा साध्या मगाने पाणी घालून धुवावे, हे मला सोपे वाटले. मुलींना धुताना हात पुढून मागे न्यावा, म्हणजे मूत्रमार्गाला संसर्ग होण्याची शक्यता कमी होते. मग मुलाचे हात साबणाने धुवायचे, आपलेही.

जागेचा विचारही टाळता येत नाही. एका खोलीच्या घरात, जिथे देवघर आणि पॉटी यांच्यात चार पावलांचेही अंतर राहत नाही, तिथे घरातल्या ज्येष्ठांची नाराजी समजण्यासारखी आहे आणि तिची ‘जुने विचार’ म्हणून बोळवण करू नये. अशा घरात अडीच वर्षांच्या पुढच्या मुलासाठी थेट सीट आणि स्टूल घेणे शहाणपणाचे ठरते. उलट, घरात एकच संडास आहे आणि सकाळी सातला आजोबा, बाबा आणि दूधवाल्याची हाक सगळे एकदम येते अशी परिस्थिती असेल, तर ‘थांब हं जरा’ हे वाक्य दोन वर्षांच्या मुलाला ऐकवून उपयोग नसतो. तिथे पॉटी चेअरला पर्याय नाही. मुले शी आली की सोफ्याच्या मागे किंवा पडद्याआड जाऊन गपचूप उभी राहतात, हे पुष्कळ पालकांनी पाहिले असेल. मुलाला आतून सूचना कळू लागल्याची ती खूण आहे. त्या कोपऱ्यातून बाथरूमपर्यंतचे अंतरही त्याला सुरुवातीला फार वाटते, आणि पॉटी दोन दिवस त्याच्याजवळ नेता येते. कमोड नेता येत नाही.

पॉटी चेअरची खरी उणीव मात्र नंतर कळते. तिच्यावर रुळलेल्या मुलाला पुढे कमोडची सवय वेगळी लावावी लागते. आमच्या थोरल्याला भांड्यातली शी कमोडमध्ये ओतताना पाहण्याची गंमत वाटे, पण स्वतः वर बसायचे म्हटले की खालचे पाणी आणि फ्लशचा आवाज यांची त्याला धास्ती वाटे. या वयातल्या मुलांना आपणही त्या पाण्याबरोबर वाहून जाऊ असे खरोखरच वाटते, तेव्हा हसू नये. मूल बाहेर गेल्यावर फ्लश करावा. काही दिवसांनी ते स्वतःच बटण दाबायला मागते.

खरेदी करताना फारसे काही पाहायचे नसते. गाणी म्हणणाऱ्या आणि दिवे लागणाऱ्या पॉट्या खेळणे होऊन बसतात. सुटे निघणारे भांडे, रुंद तळ आणि कोपरे-खाचा कमी असलेला साधा प्लॅस्टिकचा प्रकार काही शे रुपयांत मिळतो आणि तोच पुरतो. मुलग्यांसाठी पुढे उंच कड असलेली पॉटी घेतली, तर बसताना-उठताना ती लागत नाही ना हे पाहावे. एकदा लागले की मुलगा त्या खुर्चीकडे फिरकत नाही. सीट घेताना आपला कमोड गोल आहे की लांबट, हे घरून मोजून जावे. हलणारी सीट ही सीट नसल्यापेक्षा वाईट. मऊ फोमच्या सीटला चीर गेली की आत शू मुरते आणि वास जात नाही, म्हणून मी कडक प्लॅस्टिकची घेतली. शिडी जोडलेली सीट दिसायला छान असते, पण छोट्या बाथरूममध्ये ती उघडली की दार लागत नाही, आणि मोठ्या माणसाला घाईच्या वेळी ती सगळी उतरवून ठेवावी लागते.

यांपैकी काहीही घेतले तरी एका अडचणीवर त्याचा उपयोग नाही, ती म्हणजे बद्धकोष्ठता. एकदा कडक शी होऊन दुखले की मूल पुढची शी दाबून धरते, दाबल्याने ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. असे मूल पॉटीवर बसत नाही याचे कारण पॉटी नसते. तेव्हा सवय लावणे थांबवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. दूध दिवसभर बाटलीने चालू असेल तर ते कमी करण्याबद्दलही त्यांना विचारावे. पोट नीट असलेल्या मुलाला जेवणानंतर वीसेक मिनिटांनी बसवले, तर यश लवकर येते, कारण पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. पाच मिनिटे पुरेत. तासभर गोष्टी सांगत बसवून ठेवू नये.

सुरुवातीसाठी मी उन्हाळा सुचवीन. एप्रिल-मे महिन्यांत चड्ड्या दोन तासांत वाळतात, मूल उघडे फिरले तरी चालते. आषाढात गाद्या आणि कपडे वाळवताना आईचा धीर मुलाच्या आधी संपतो. रात्रीची सवय वेगळी आणि उशिरा येते. पाच वर्षांच्या आत अंथरूण ओले झाले तर डॉक्टर त्याला आजार मानत नाहीत.

राहता राहिला गावचा आणि शाळेचा भाग. कोकणातल्या आमच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे. त्याच्या दोन पायठशांमधले अंतर मोठ्या माणसाच्या हिशेबाने असल्याने लहान मुलाला तिथे दोन्ही दंडांना धरून बसवावे लागते, पण उकिडवे बसणे मुलांना उपजतच येते आणि धाकटीने तिथे काहीच कुरकूर केली नाही. प्रवासात घडीची सीट पिशवीत मावते. मॉलमधल्या आणि विमानतळावरच्या आपोआप फ्लश होणाऱ्या कमोडवर मूल बसलेले असताना सेन्सरवर कागद चिकटवावा किंवा हात धरावा, नाहीतर मध्येच पाणी सुटते आणि घाबरलेले मूल पुढे घरच्या कमोडलाही नकार देते. नर्सरीत प्रवेश घेताना वर्ग आणि खेळणी पाहतो तसे स्वच्छतागृहही पाहून यावे. तिथली भांडी बुटकी आहेत की मोठ्यांच्या उंचीची, कमोड आहे की भारतीय पद्धत, आणि मुलाला धुवायला कोण मदत करते, हे विचारून घेतले की शाळा सुरू होण्याआधीच्या महिन्यात घरी त्याच प्रकारे बसण्याचा सराव करून घेता येतो.