रद्दीत न गेलेला गणपती

लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा एक गठ्ठा उरतो. तारखा उलटून गेलेल्या असतात, मठ्ठ्याची चवही विसरलेली असते, तरी पत्रिका टाकवत नाहीत, कारण वर गणपती. देवाला रद्दीवाल्याच्या काट्यावर कसं चढवायचं? म्हणून तो गठ्ठा टीव्हीखालच्या कप्प्यातून टेबलावर आणि टेबलावरून खिडकीत सरकत राहतो. मग एखाद्या दुपारी, तीनच्या सुमाराला, त्याच्या पाठीमागून ऊन येतं.

हल्लीचे गणपती छापलेले नसतात, लेझरने कापलेले असतात. सोंड म्हणजे कागदातलं भोक. त्या भोकातून मागच्या पत्रिकेचा कागद दिसतो, ऊन लागून मधाच्या रंगाचा झालेला. जिथे दोन पत्रिका एकावर एक आल्यात तिथे तो रंग गुळावर जातो, तीन आल्यात तिथे कोऱ्या चहावर. शाई नाही, रंग नाही. एकाच पांढऱ्या कागदाच्या छटा, मागे किती थर आहेत त्यावर ठरलेल्या. कागदी लाईट बॉक्स, म्हणजे कापलेल्या कागदांचे थर एकामागे एक लावून पाठीमागे दिवा ठेवलेली पेटी, तिची सगळी विद्या एवढीच. बाकीचं सुतारकाम.

उजेड मागे ठेवून चित्र दाखवणं आपल्याला नवीन नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या पडद्याआडून नाचवत आली आहेत. तिकडे जर्मनीत आउग्सबुर्गला मार्टिन एंगेलब्रेख्ट (1684–1756) कापलेल्या चित्रांचे संच छापून विकत असे. ती चित्रं खोक्यात एकामागे एक उभी करायची आणि समोरून डोकावायचं. लंडनमध्ये थेम्सखालचा बोगदा 1843 मध्ये खुला झाला, तेव्हा त्याचेही असेच घडीचे कागदी बोगदे लोकांनी आठवण म्हणून घरी नेले.

पण आपल्याकडच्या पोरांचा पहिला लाईट बॉक्स म्हणजे आकाशकंदीलच. बांबूच्या कामट्या, दोऱ्याच्या गाठी, घोटीव कागद, आणि गॅसवर रटरटणारी मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कसर लागत नाही, आणि ती भांडी पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाहीत यावरून भांडण. झिरमिळ्या कापायचं काम धाकट्यांकडे, कारण त्या वाकड्या आल्या तरी वाऱ्यावर कळत नाही. आत साठचा बल्ब लावला की भाऊबिजेपर्यंत कंदिलाचा माथा बिस्किटासारखा करपायचा. मग कोणीतरी शहाणपणाने झिरोचा बल्ब आणायचं. झिरोचा म्हणजे शून्य वॅटचा, अशी समजूत घरात सगळ्यांची. प्रत्यक्षात तोही बारा-पंधरा वॅट खातो आणि चांगला तापतो. कागदाच्या बंद पेटीत तो आजही लावू नये.

आता पेटीकडे. समजा, राजगडावरून दिसणारा संध्याकाळचा तोरणा करायचा आहे. मावळतीला उभं राहिलं की सगळ्यात मागे फिकट तोरणा, त्याच्या पुढे जरा गडद डोंगरधार, मग आणखी गडद, आणि पायाशी काळं झुडूप. निसर्गात लांबचा डोंगर फिका दिसतो, कारण मधल्या हवेत उजेड विखुरलेला असतो. पेटीत तो फिका दिसतो, कारण दिवा त्याच्याच पाठीशी असतो. कारणं वेगळी आणि दृश्य तेच, म्हणून डोंगर हा लाईट बॉक्सचा सगळ्यात सोपा विषय. पहिल्याच खेपेला देवीचा मुखवटा कापायला बसणाऱ्यांनी आधी दोन डोंगर करून बघावेत.

ए-फोर आकाराला सहा-सात थर पुरतात. कागद 160 ते 200 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), पांढरा, बिनचमकीचा. झेरॉक्सचा 75 जीएसएम घेतला तर उजेड भसाभसा येतो आणि आठ दिवसांत कागदाला पोट सुटतं. पत्रिकांचा 300 जीएसएम कापताना मनगट धरतो आणि त्यातून उजेड जवळपास येतच नाही. तो फक्त सगळ्यात पुढच्या थराला चालतो. सगळे कागद एकाच दिशेच्या धाग्याचे असावेत. कागद हलकेच वाकवून बघायचा, ज्या रेषेवर निमूट वाकतो ती त्याच्या धाग्याची दिशा. दमट हवेत कागद धाग्याला आडवा फुगतो. चार थर उभे आणि दोन आडवे कापले, तर श्रावणात प्रत्येकाची वेगळी कुरकुर सुरू होते.

प्रत्येक थराला चारही बाजूंनी 15 मिमीची कड सोडायची. ती फ्रेमच्या आड जाते, त्यामुळे तिथे सौंदर्य नको, फक्त ताकद. डोंगराचा माथा कापायचा आणि वरचं आकाश काढून टाकायचं. खालचं मात्र सगळं जागेवर ठेवायचं. इथेच नवशिके फसतात. मागच्या थराचा खालचा भाग पुढच्या डोंगराआड झाकला जातो, मग तो कशाला ठेवायचा, म्हणून कापून टाकतात. दिवा लावला की पुढच्या डोंगराचं पोट कंदिलासारखं उजळतं. झाकलेला कागदही कामाला असतो, तो अंधार करत असतो.

कापायला मेडिकलच्या दुकानातलं 11 नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि त्याचा 3 नंबरचा दांडा. स्टेशनरीतल्या जाड कटरपेक्षा हे कोपऱ्यात बरं वळतं. खाली कटिंग मॅट. जुन्या वर्तमानपत्रावर कापलं तर टोक रुततं आणि रेघ फाटते. आधी बारीक आणि आतलं कापायचं, मोठी आकाशाची खिडकी सगळ्यात शेवटी, नाहीतर कागदाला धरायला अंगच उरत नाही. वळणावर हात नाही, कागद फिरवायचा. ब्लेड ‘खर्र’ असा आवाज करायला लागलं की बदलायचं. अजून चालतंय म्हणून ओढत राहणारी माणसं शेवटच्या फांदीवर येऊन कागद फाडतात. फांदी, दोर, भाल्याचं टोक, काहीही असो, 2 मिमीपेक्षा बारीक ठेवायचं नाही. पेन्सिलच्या रेघा समोरून दिसतात, म्हणून चित्र कागदाच्या पाठीवर काढणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ते उलटं काढायचं लक्षात ठेवावं. नाहीतर तोरण्याची झुंजार माची एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते, आणि ट्रेकला जाणारा पहिलाच पाहुणा ते ओळखतो.

पक्षी हा वेगळा जाच. आकाशातला पक्षी कशालाच चिकटलेला नसतो, तो कापला की खाली पडतो. काहीजण त्याला झाडाच्या टोकाशी टेकवतात, मग तो उडता न राहता बसका होतो. त्यापेक्षा वेगळा कापून सगळ्या थरांच्या मागे, दिव्यापुढे लावायच्या बटर पेपरवरच चिकटवावा.

अक्षरं कापायची असतील तर देवनागरीसारखी सोय नाही. शिरोरेखा शब्दातल्या बहुतेक अक्षरांना हाताला धरून ठेवते. रोमन लिपीतलं प्रत्येक अक्षर सुटं, त्याला खाली पट्टी द्यावी लागते. आपल्याकडे ‘विवाह’ एका तुकड्यात निघतो. मोठी गडबड अनुस्वाराची. टिंब धरायला कोणी नाही. ‘आनंद’ कापला की त्याचा ‘आनद’ होतो, आणि ते टिंब चटईवर कुठे गेलं हे शोधण्यात अर्धा तास जातो. शेवटी टिंबाला एक बारीक देठ द्यावं लागतं. शुद्धलेखनाच्या नियमांत बसत नाही, पण उजेडात खपतं.

आणि आता ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही ते, थरांमधली पोकळी. कापण्यात आठवडा घालवायचा आणि थर एकमेकांवर सरळ चिकटवून टाकायचे, यासारखा कपाळकरंटेपणा नाही. पोकळी नसेल तर ते जाड पुठ्ठ्याचं चित्र. पूर्वी मध्ये थर्माकोलच्या पट्ट्या घालत. त्याचे कण कागदाला असे चिकटायचे की काचेआड कायमचा बर्फ. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, ते या बाबतीत बरंच झालं. आता 5 मिमीचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड. त्याच्या 10 मिमी रुंद पट्ट्या कापून प्रत्येक थराच्या कडेला चारही बाजूंनी डबल टेपने लावायच्या. पांढरा पातळ गोंद नको. त्यातलं पाणी कागद पितो आणि कडेला लाटा येतात. डबल टेपचा दोष उलटा, ती एकदा बसली की दुरुस्ती नाही. म्हणून दोन पुठ्ठे काटकोनात उभे करून त्या कोपऱ्यात एकेक थर बसवत जायचं, पुढून मागे. सगळ्या पोकळ्या सारख्याच असाव्यात असं नाही. तोरणा आणि त्याच्या अलीकडच्या धारेमध्ये दोन पट्ट्या घातल्या की मधे दरी असल्याचं कळतं.

दिव्यासाठी 12 व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरला 60 दिव्यांची, पिवळसर, 3000 केल्विनची. ए-फोरच्या पेटीला आतून एक मीटर लागते. ती दर तीन दिव्यांनंतर, म्हणजे 5 सेंटीमीटरवर, आखलेल्या रेघेवरच कापायची. 3528 जातीची साधी पट्टी मीटरला 4.8 वॅट घेते, म्हणजे 0.4 अँपिअर, त्याला एक अँपिअरचा अडॅप्टर पुष्कळ झाला. पट्टी मागच्या पाटावर लावायची नाही, पेटीच्या भिंतींना आतल्या बाजूने लावायची. पाटावर लावली की बटर पेपरमधून दिव्यांचे ठिपके मोजता येतात, आणि तोरण्यावर सरळ रांगेत चंद्र उगवतात. पाट आणि बटर पेपर यांच्यात 25 ते 30 मिमी अंतर हवं, आणि पेटी आतून पांढरी हवी. सगळं मिळून खोली 60-65 मिमी होते, त्यामुळे तयार फोटोफ्रेममध्ये हे बसत नाही. पहिल्या प्रयोगाला चपलांचं खोकं उत्तम. मागे दोन भोकं पाडावीत, एक वायरीला, एक हवेला. पट्टीचा स्वतःचा गोंद मे महिन्यात सुटतो, तेव्हा कोपऱ्यात ग्लूगनचा एकेक थेंब द्यावा.

रिमोटवर रंग बदलणारी पट्टी मिळते. मिळू दे. सह्याद्री जांभळा, मग हिरवा, मग लुकलुकता झाला की त्याचं मंगल कार्यालय होतं. दिवा पिवळा आणि कागद पांढरा, एवढ्यात मधापासून कोऱ्या चहापर्यंतचे सगळे रंग आपोआप मिळतात, आणखी काय पाहिजे?

लेझरवाल्याकडून सगळे थर कापून आणण्याचीही सोय झाली आहे. काम झटपट आणि बिनचूक होतं. कडेला एक तपकिरी जळकी रेघ मात्र राहते, आणि पांढऱ्या कागदावर ती दिवसा डोळ्यात येते. हाताने कापलेल्या कडा जरा थरथरत्या असतात. डोंगराच्या कडाही काही पट्टीने आखलेल्या नसतात.

दिवसा मात्र या पेटीत बघण्यासारखं काही नसतं. पांढऱ्या कागदाची पांढरी पेटी. पाहुणे विचारतात, फोटो लावायचा राहिलाय का? संध्याकाळ होईपर्यंत त्यांना चहावर थांबवून ठेवावं लागतं.

पुढच्या थराला एका पत्रिकेचा पुठ्ठा चालला, दुसरीचा बुंध्याला, तिसरीच्या पट्ट्या झाल्या. गठ्ठा बऱ्यापैकी उतरला. प्रत्येकीवरचा गणपती तेवढा आधी नीट कापून बाजूला काढलेला. ते अकरा जण आता पाकिटात घालून पुन्हा खिडकीत ठेवलेत.