अँबॅसिडरच्या पुढच्या क्रँक सीलची गळती : माझा अनुभव

वडिलांच्या काळापासून घरात असलेल्या १९६८च्या अँबॅसिडर मार्क टूचे पुढचे क्रँक सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाशी तेल अडवणारे सील, नाशिकच्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते, तरीही थोड्याच दिवसांत इंजिनाखाली तेल पुन्हा दिसू लागले. नवे सील इतक्या लवकर का निकामी होते, हे कळल्याशिवाय आणखी एक सील बसवण्यात अर्थ नव्हता, म्हणून हे काम मी स्वतः हाती घेतले.

आधी गळतीची जागा पक्की केली. इंजिनाचा पुढचा भाग डिझेलने धुऊन कोरडा केला, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि इंजिन चालवले. टॅपेट कव्हरपासून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणापासून, खाली ओघळ नव्हता. पावडर भिजली ती क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या पुलीच्या मागे, आणि फिरत्या पुलीने उडवलेले तेल तिच्याच रेषेत पसरले होते.

रेडिएटर आणि फॅन बेल्ट काढणे सोपे आहे. पुलीचा मोठा नट, ज्यात इंजिन हाताने सुरू करायचे हँडल अडकते, तो मात्र लॉक वॉशर सरळ करून, गाडी टॉप गिअरमध्ये ठेवून, पान्यावर हातोडीचे ठोके देत सोडवावा लागला. पुली हातात आल्यावर कारण उघड झाले. सीलचा ओठ, म्हणजे त्याची आतली कडा, पुलीवर जिथे घासतो तिथे नखाला लागेल एवढी खोल खाच पडलेली होती. सातपूरच्या एका लेथवाल्या काकांनी बोट फिरवून लगेच सांगितले, ‘‘साहेब, सील कितीही भारी आणा, या खाचेतून तेल येणारच.’’ त्यांनी पुलीचा तो भाग थोडा उतरवून त्यावर स्टीलची पातळ स्लीव्ह दाबून बसवली आणि मूळ मापाला आणली. लेथच्या हत्याराची आट्यासारखी रेषा पृष्ठभागावर राहिली तर तीच तेल बाहेर ओढू शकते, म्हणून शेवटचे काम त्यांनी ग्राइंडिंगने केले. असा कारागीर शहरात आहे, हे या जुन्या गाड्यांचे भाग्यच म्हणायला हवे.

दुसरे कारण जोडणीत होते. टायमिंग कव्हरच्या, म्हणजे हे सील ज्यात बसते त्या इंजिनाच्या पुढच्या झाकणाच्या, बोल्टांना भोकांत थोडी मोकळीक असते. कव्हर आधी आवळून पुली नंतर घातली तर सील मध्यावर येत नाही आणि त्याचा ओठ एका बाजूने जास्त दाबला जातो. म्हणून सीलची स्प्रिंगची बाजू आत ठेवून, ओठाला तेल लावून, बोल्ट सैल असतानाच पुली आत सरकवली, कव्हर आपोआप मध्यावर आले आणि मगच बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. सीलच्या मागचा ऑइल थ्रोअर, म्हणजे तेल सीलपासून दूर उडवणारी चकती, काढतानाच त्याच्या बाजूवर खूण केली होती, कारण तो उलटा बसला तर सीलवर नको तेवढे तेल येते.

ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी, नळी काजळीने जवळजवळ बुजलेली निघाली. पिस्टनच्या कडेने खाली उतरणारा वायू बाहेर पडू शकला नाही तर क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या भागात, दाब साठतो आणि तो तेलाला सीलमधून ढकलतो; नळी साफ न करता सील बदलणे म्हणजे अर्धेच काम.

त्यानंतर त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन आल्यावर पुढची बाजू कोरडी होती. क्लचच्या घरातून अधूनमधून येणारा थेंब मात्र कायम आहे. या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनाला क्रँकच्या मागच्या टोकाला ओठाचे सील मुळातच नाही, तिथे शाफ्टवरचे आटे तेल आत परतवतात; त्यामुळे इंजिन पूर्ण कोरडे राहील अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही.