बाजारपेठेची जुनी यादी

पूर ओसरला की दुकानदार आधी माल रस्त्यावर काढतो, कागद त्याला नंतर आठवतात. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत हेच चाललं होतं. वाशिष्ठी आणि शिव नदी एकदम चढल्या, त्यात भरती, आणि पाहता पाहता दुकानांची शटरं दिसेनाशी झाली. पाणी उतरल्यावर कापडाचे तागे, फुगून फुटलेली तांदळाची पोती, फ्रीज, औषधांची खोकी, लग्नाच्या पत्रिका असं सगळं चिखलात माखून एकाच ढिगात पडलं होतं. वासाने डोकं उठायचं. डंपर येऊन ढीग उचलत होते आणि लोकांना तेच हवं होतं. त्यांना दोष कसा द्यायचा?

मी इथल्या एका व्यापारी संघटनेचं कार्यालय सांभाळतो. दोन खोल्या आणि वर एक छोटा हॉल. एरवी आमचं काम म्हणजे पार्किंगबद्दल नगरपरिषदेला निवेदन, फेरीवाले आणि दुकानदार यांच्यातला तंटा, गणपतीच्या दिवसांत वाहतूक कुठून वळवायची याची बैठक. ‘संघटना करते काय?’ हा प्रश्न वर्गणीच्या वेळी दरवर्षी ऐकू येतो. त्या आठवड्यातल्या एका दिवसाने माझ्यापुरतं त्याचं उत्तर दिलं, म्हणून तो दिवस लिहून ठेवतोय.

आदल्या रात्री सांगलीच्या एका व्यापाऱ्यांचा फोन आला होता. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा त्यांची पेठ पाण्यात होती. धीर वगैरे द्यायच्या भानगडीत ते पडले नाहीत. म्हणाले, “फोटो काढल्याशिवाय कुणाला माल टाकू देऊ नका. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला येईल तेव्हा डंपर निघून गेलेला असतो. आणि एकेकट्याला पाठवू नका, सगळ्यांना एका जागी बसवा.” सकाळी आम्ही एका रिक्षावर कर्णा बांधला आणि चिंचनाक्यापासून भोगाळ्यापर्यंत एवढंच ओरडत फिरवली: आधी फोटो, मग यादी, मग माल टाका. पंचनाम्याचा आणि विम्याचा कागद वरच्या हॉलमध्ये करून मिळेल.

दहाच्या सुमारास जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. वीज नव्हती, एकाच्या जनरेटरवर दोन दिवे आणि मोबाइल चार्जिंग. गावातले तीन-चार सीए आणि कर सल्लागार आपणहून येऊन बसले होते, त्यांच्यातल्या एकाचं स्वतःचं ऑफिस बुडालेलं होतं. आमच्या एका पदाधिकाऱ्याने सभासदांचं रजिस्टर उघडलं, आधी कुणाचं करायचं ते ठरवायला. अध्यक्षांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते मिटून बाजूला ठेवलं. “आज हे नको. वर्गणी नंतर बघू.” त्यावरून थोडी कुरबुर झाली. वर्षानुवर्षं वर्गणी भरणारा माणूस रांगेत मागे आणि कधी फिरकला नाही तो पुढे, हे पटायला जड होतं. मला मात्र अण्णांचं तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. आग लागली तर ती सभासद बघून दुकानं निवडत नाही आणि पाण्यानेही निवडली नव्हती.

ज्यांचा जीएसटी नंबर होता त्यांचं काम त्या मानाने सोपं निघालं. बिलं वाहून गेली तरी जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-2बी या विवरणात कुणाकडून किती खरेदी झाली ते महिन्यागणिक दिसतं. मुलं मोबाइलवर ते उघडून देत होती. होलसेलवाल्यांना फोन करून बिलांच्या प्रती व्हॉट्सॲपवर मागवल्या आणि त्यांनी न कुरकुरता पाठवल्या.

विम्याचं चित्र वेगळं होतं. बहुतेकांना विमा होता, पण तो बँकेने कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, देताना काढलेला. पॉलिसीत काय लिहिलंय ते कुणी वाचलेलं नव्हतं. कुणाचं दुकान पॉलिसीत होतं पण मागच्या गल्लीतल्या गोडाऊनचा पत्ता नव्हता. कुणी हप्त्यात थोडी सूट मिळते म्हणून पूर आणि वादळाचं कलमच वगळलेलं. आणि कमी रकमेचा विमा तर जागोजाग. माल 20 लाखांचा, विमा 10 लाखांचा, नुकसान 8 लाखांचं असेल, तर कंपनी त्याच प्रमाणात 4 लाख देते, हे ऐकून एक भांडीवाले शेठ बराच वेळ काही बोललेच नाहीत. फ्रीज-टीव्हीच्या एका दुकानदाराला सीएंनी आणखी एक गोष्ट सांगितली. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट, कायद्याने परत करावं लागतं. 18 टक्के जीएसटीचा माल, 10 लाखांचा गेला असेल, तर वर 1 लाख 80 हजार सरकारला भरायचे. “माल माझा गेला आणि कर पण मीच भरू?” असं तो विचारत होता. दाव्यात मालाची किंमत करासकट दाखवा एवढाच सल्ला तेव्हा देता आला. त्या तरतुदीबद्दल आम्ही मुंबईला राज्यपातळीवरच्या संघटनेकडे पत्र पाठवलं. ती तरतूद अजून तशीच आहे आणि ती अन्यायाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

दुपारी तलाठी आले. पंचनामे उघड्यावर लिहिता येईनात म्हणून आम्हीच त्यांना हॉलमध्ये टेबल दिलं होतं. त्यांच्यासमोर एक काकी उभ्या होत्या. बांगड्यांचं छोटं दुकान, जुन्या वाड्याच्या ओट्यालगत. उलाढाल इतकी लहान की जीएसटी नंबरचा प्रश्नच नाही. वाड्याचे मालक मुंबईला, लाइट बिल त्यांच्या नावाने. गुमास्ता परवाना भिंतीवर फ्रेम करून लावला होता, तो फ्रेमसकट गेला. खरेदी कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडून, वहीवर. वही गेली. काचेच्या बांगड्या तर फोटो काढण्याजोग्याही उरल्या नव्हत्या, नुसता चिखलात चुरा.

तलाठी थकलेले होते, पण बोलले नीट. “काकी, तुमचं दुकान होतं हे मला माहितीय. पण मी लिहू कशाच्या आधारावर? वर विचारतील.” सांगलीच्या पुरात निकष होते की दुकानदार परवानाधारक हवा, रेशनकार्ड आणि मतदार यादीत नाव स्थानिक हवं. आमच्याकडेही तेच लागणार हे दिसत होतं. रेशनकार्ड आणि मतदार यादीचं काकींचं ठीक होतं. दुकानाचाच कागद नव्हता. काकी म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंपासून दुकान आहे. अख्ख्या बाजाराला विचारा.” पण बाजाराला विचारून पंचनामा होत नाही.

तेव्हा अण्णांना आठवलं. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर आमच्या आधीच्या सचिवांनी दुकानागणिक फिरून हाताने एक यादी केली होती. वरच्या खोलीतलं लोखंडी कपाट पाण्याच्या वर राहिलं होतं. त्यात ती सापडली, जाड पुठ्ठ्याच्या वहीत. ओळीने दुकानं, कुणाचं, भाड्याचं की मालकीचं, धंदा कसला, पाणी किती चढलं. एका पानावर काकींच्या यजमानांचं नाव, पुढे ‘भाड्याने, बांगड्या, पोत, हळदकुंकू’ आणि ‘पाणी छातीपर्यंत’. वरच्या आणि खालच्या ओळीतली दुकानंही तीच, आज त्यांचेच मुलगे चालवतात ती.

तलाठ्यांनी पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, “याची प्रत द्या, संघटनेचं पत्र द्या, आणि शेजारच्या दोघांच्या सह्या.” झेरॉक्स मशीन बाजारात एकही चालू नव्हतं. मी ते पान हाताने उतरवलं, खाली शिक्का मारला. शेजारचे दोघे रांगेतच होते. त्यातले एक भाई स्वतःचा नंबर सोडून पुढे आले, सही केली आणि परत मागे जाऊन उभे राहिले. काकींचा पंचनामा झाला.

हे बघून रांगेतले इतर लोक वहीभोवती गोळा झाले. सोळा वर्षांत बरंच बदललं होतं, काही दुकानं विकली गेली, काही नव्या गाळ्यांत गेली. तरी अंधार पडेपर्यंत ती वही कुणा ना कुणाच्या कामी येत होती. ती लिहिणारे सचिव आता हयात नाहीत. त्या वेळी ही यादी कशासाठी करताय असं त्यांना लोक विचारायचे, हे अण्णांनी त्या दिवशी सांगितलं.

ऑगस्टमध्ये सरकारने मदत जाहीर केली. दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, जास्तीत जास्त 50 हजार. टपरीधारकांना जास्तीत जास्त 10 हजार. काकी दुकानदारांत बसल्या, टपरीत ढकलल्या गेल्या नाहीत. त्या पत्राचा अर्थ रुपयांत एवढा होता. पन्नास हजारांत दुकान भरत नाही हे खरंच. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने गणपतीपुरता माल उधारीवर दिला, त्यालाही आमचं एक पत्र लागलं.

विम्याचे दावे लांबले. काही कंपन्यांनी लवकर ऑन अकाउंट रक्कम, म्हणजे दावा पुरा होण्याआधीची उचल, दिली, काहींनी कागदांवरून महिनोन्महिने फिरवलं. एकट्या माणसाला सर्व्हेअर जे उत्तर देतो ते दहाजण एकदम गेले की देत नाही, हे तेव्हा लख्ख दिसलं. डिसेंबरमध्ये चिपळूण बचाव समितीने नदीतला गाळ काढण्यासाठी उपोषण केलं, तिथेही व्यापारी आळीपाळीने बसले. गाळ निघायला लागला तो त्यानंतर. तो दरवर्षी निघायला हवा, एकदा काढून भागणारं ते काम नाही.

आता आम्ही मे महिन्यात बाजारातून फिरून यादी नव्याने करतो. दुकानाचा फोटो, परवाना, भाडेकरार, विम्याची पॉलिसी, गोडाऊनचा पत्ता. एक प्रत वरच्या कपाटात, एक चिपळूणच्या बाहेर. सभासद असो वा नसो, सगळ्यांची. काहीजण अजून म्हणतात, दाखवू नंतर, आत्ता गिऱ्हाईक आहे. आम्ही बाजूला थांबतो. पॉलिसीत पुराचं कलम नसेल किंवा गोडाऊन सुटलेलं असेल, तर तिथूनच एजंटाला फोन लावायला सांगतो आणि तो लागेपर्यंत दुकानातून हलत नाही.