सापेक्ष वेगाची वही: ०.९ अधिक ०.९

विशेष सापेक्षतेतलं लोरेन्ट्झ रूपांतरण (एका निरीक्षकाच्या मोजमापांवरून दुसऱ्याची मोजमापं काढायची सूत्रं) मागेच उरकलं, आता गाडी वेगांच्या बेरजेवर आली आहे. सांगलीतून एक यान मिरजेच्या दिशेनं ०.९ सी (सी म्हणजे प्रकाशाचा वेग) वेगानं सुटलं, दुसरं तेवढ्याच वेगानं उलटं, आष्ट्याच्या अंगाला. (दीड सेकंदात दोघांचंही चंद्राइतकं अंतर कापून होईल, पण असो.) सांगलीतला माणूस मोजणार: दोघांमधलं अंतर सेकंदाला १.८ प्रकाशसेकंदांनी (प्रकाशसेकंद म्हणजे प्रकाश एका सेकंदात कापतो ते अंतर) वाढतंय.

बहुतेकांचं घोडं अडतं ते इथेच. माझ्या मते हा आकडा लपवायचं काही कारण नाही, तो बरोबरच आहे. सांगलीच्या फुटपट्टीनं आणि सांगलीच्याच घड्याळानं मोजलेला तो अंतरवाढीचा दर आहे. त्या वेगानं पळणारी वस्तू कुठेच नाही, त्यामुळे प्रकाशवेगाची मर्यादाही मोडत नाही. सापेक्ष वेग म्हणजे मिरजेच्या यानातल्या प्रवाशानं स्वतःच्या फुटपट्टीनं, स्वतःच्या घड्याळानं दुसऱ्या यानाचा मोजलेला वेग. सूत्र असं: वेगांची बेरीज भागिले (१ अधिक त्यांचा गुणाकार). तो येतो १.८ भागिले १.८१, म्हणजे ०.९९४५ सी.

सूत्र दोन वेगांपुरतं ठीक, तिसरा आला की किचकट होतं. म्हणून रॅपिडिटी शिकलो, आणि हीच या खेपेची खरी कमाई. वेग सीच्या पटीत घ्यायचा, कॅल्क्युलेटरवर त्याचा व्यस्त हायपरबॉलिक टॅन काढायचा. ०.९ ची रॅपिडिटी १.४७२. दुप्पट २.९४४, तिचा हायपरबॉलिक टॅन पुन्हा ०.९९४५. एका रेषेतल्या वेगांच्या रॅपिडिटी सरळ बेरजेनं वाढतात. प्रकाशाची अनंत आहे, मग कितीही बेरजा करा, तिथे पोचणार कसं?

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझोचा १८५१ चा प्रयोगही याच सूत्रात बसतो. वाहत्या पाण्यातल्या प्रकाशाला पाण्याचा पूर्ण वेग मिळत नाही, जेमतेम ०.४४ पट मिळतो. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा सेकंदाला २ मीटर वाहते असं धरलं, तर प्रवाहाच्या दिशेनं जाणाऱ्या प्रकाशाला वाढ मिळेल सेकंदाला सुमारे ०.८८ मीटरची. फिझोच्या काळी याचं स्पष्टीकरण ईथर (प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानलेलं माध्यम) पाण्याबरोबर काही अंशी ओढला जातो असं देत. वेगांच्या बेरजेतून तेच उत्तर जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लाउएनं १९०७ मध्ये काढून दाखवलं.

आता काटकोन घेतलाय: एक यान मिरजेकडे, दुसरं त्याला काटकोनात, दोन्ही ०.९ सी. इथे रॅपिडिटीची सरळ बेरीज चालत नाही. सापेक्ष वेगाचं माझं उत्तर ०.९८१८ सी आलंय, ताळा करून बघा.