नाण्यावरचं पोपटी पीठ

मे महिन्यात ती नाणी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा बाहेर ४४ अंशांचं ऊन होतं. तापीकाठच्या एका गावातला छोटा संग्रह, त्यात सातवाहनांची २३ पोटिनची नाणी. पोटिन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांची मिश्र धातू, आपल्या काशाची जवळची नातलग. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि कडेने ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह. सगळी काळपट तपकिरी, शांत. बोटाला किंचित तेलकट लागली. जुन्या मेणाचा थर असेल असं समजून मी वहीत ‘स्थिती ठीक’ लिहिलं आणि धुळ्याला परतले. ते तेल कसलं, हे मी विचारलं नाही. त्याची टोचणी अजून जात नाही.

ऑगस्टमध्ये संग्रह सांभाळणाऱ्या नानांचा फोन आला. आठ दिवस पावसाची झड लागली होती. “ताई, बठ्ठं हिरवं व्हयी गयं!” त्यांचा आवाज कापत होता.

मी सकाळच्या एसटीने पोचले. लाकडी कपाट उघडलं. २३ पैकी ११ नाण्यांवर फिकट पोपटी पुरळ उठली होती. टोक लावलं की पिठासारखी भुरभुर गळायची. खाली अंथरलेल्या मखमलीवरही तेच पीठ.

लोक हिरवं दिसलं की घाबरतात, पण सगळं हिरवं वाईट नसतं. गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा थर शेकडो वर्षांत तयार होतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. भीती या पोपटी पिठाची. धातूत क्लोराइड शिरलं की आत तांब्याचं क्लोराइड दडून बसतं. हवा कोरडी असेल तोवर ते गप्प. दमट हवा लागली की पीठ होऊन बाहेर येतं, त्यातून आम्ल सुटतं, आम्ल पुन्हा तांबं खातं आणि नवं क्लोराइड बनतं. क्लोराइड खर्ची पडतच नाही, म्हणून हे चक्र आपणहून थांबत नाही. मेमध्ये सगळं शांत का दिसलं, ते आता कळलं. खानदेशच्या उन्हाने रोग झाकून ठेवला होता.

पण क्लोराइड आलं कुठून? नाना बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, फेब्रुवारीत शाळेची मुलं येणार होती, नाणी काळी दिसत होती, म्हणून त्यांनी काही नाणी चिंच आणि मीठ लावून घासली आणि वर खोबरेल तेल चोळलं. घरातला तांब्याचा बंब आपण असाच लख्ख करतो. त्यांना मी काय बोलणार? मायेनेच केलं होतं. पण चिंचेने वरचा राखणदार थर काढला आणि मिठाने आत क्लोराइड पेरलं.

आजारी नाणी मी रीतसर नोंद करून प्रयोगशाळेत आणली. आधी तेल काढलं. मग ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून त्या पाण्याची परीक्षा केली. नायट्रिक आम्लाचे दोन थेंब, त्यावर सिल्व्हर नायट्रेट. पाणी दुधासारखं गढूळ झालं. क्लोराइड भरपूर होतं.

पुढचं सगळं काम सूक्ष्मदर्शकाखाली, साळिंदराच्या काट्याने आणि सुईने. नऊ क्रमांकाचं नाणं माझ्या कायम लक्षात राहील. हत्तीच्या पुढच्या पायामागे खड्डा होता. पीठ काढलं, तर खाली राखाडी, मेणासारखा मऊ थर लागला. तेच ते क्लोराइड. कणाकणाने उकरत गेले आणि लक्षात आलं, की खड्डा ‘सातकणिस’ म्हणजे ‘सातकर्णीचं’ या ब्राह्मी अक्षरांमधल्या ‘णि’च्या खाली शिरतोय. सगळं काढावं तर अक्षर जाईल, ठेवावं तर रोग राहील.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीची १३ हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या छापावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप उमटलेला होता. कोणी कोणाला हरवलं, हे त्या ठशांनी सांगितलं. म्हणून अक्षर घालवायला माझा हात धजत नाही. मी सुई खाली ठेवली.

नाणं कोरडं करून अल्कोहोलमधल्या ३ टक्के बेंझोट्रायझोलमध्ये एक दिवस बुडवलं. ते तांब्याला धरून पातळ पापुद्रा तयार करतं. हे रसायन अंगाला बरं नाही, म्हणून हातमोजे घालून, धूर ओढणाऱ्या कपाटात. मग पॅरालॉइडचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेपाचा, हात दिला. पण ‘णि’खालच्या कणापर्यंत औषध पोचलं असेल याची हमी मला देता येत नव्हती. त्याला रोखणार फक्त कोरडेपणा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली.

नाणी परत नेली तेव्हा लाकडी कपाट बाद केलं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेलची डबी. दाणे कोरडे असताना केशरी, ओल धरली की हिरवे. नानांनी कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली. चुकीचं ओझं त्यांनी बहुधा असं उतरवलं.

परवा पहाटे साडेसहाला त्यांचा फोन आला. बाहेर धो धो पाऊस. “ताई, डबी हिरवी पडनी. नवी लावू का?”

“आत्ता लावा,” मी म्हटलं, “आणि नऊ नंबरचा फोटो पाठवा.”

फोटो आला. मोठा करून पाहिला. ‘णि’ जागेवर होता, भोवती पीठ नव्हतं.