बाहेरच्या भिंती स्वतः रंगवताना

घराला बाहेरून रंग स्वतः दिला की मजुरी वाचते हे खरेच. पण माझ्या मते त्याचा खरा लाभ निराळा आहे. चौरस फुटाच्या दराने काम घेतलेल्या पेंटरला एक भिंत वाळेपर्यंत थांबणे परवडत नाही, कारण त्याच्या हातात पुढचे काम असते आणि त्यात त्याचा दोषही नाही. घरमालकाला मात्र उत्तरेची भिंत ओली आहे म्हणून ती खुशाल बाजूला ठेवून पूर्वेकडचे काम करत राहता येते. आमचे घर लातूर जिल्ह्यात, काळ्या मातीवर बांधलेले आहे. चारही बाजूंना रंग एकच लावायचा ठरला, तरी प्रत्येक भिंतीचे दुखणे वेगळे निघाले आणि बहुतेक वेळ त्या दुखण्यांवरच गेला.

आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या आधी घर रंगवण्याची पद्धत आहे. परंतु परतीचा पाऊस पडून गेल्यावर भिंत वरून कोरडी दिसली तरी आत ओलच असते. शिवाय त्याच सुमारास सोयाबीनची मळणी चालू असते आणि यंत्रातून उडणारे भुसकट ओल्या रंगावर बसले, की ते पुन्हा काढता येत नाही. त्यामुळे मळण्या आटोपल्यावर, नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. साखर कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांना गाळप हंगामातल्या काजळीचा विचार करावा लागेल आणि वाऱ्याची दिशा पाहूनच दिवस निवडावा लागेल. मे महिना तर सोडूनच द्यावा. पारा चाळिशीच्या पुढे असताना रंग भिंतीत मुरण्याआधीच ब्रशखाली सुकतो.

सर्वांत आधी भेगांकडे पाहावे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या भागात भिंतीला भेग दिसली की मनात पहिल्यांदा भूकंपच येतो, परंतु आमच्याकडच्या बहुतेक भेगांचे कारण जमिनीत असते. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया उथळ असेल तर त्यासोबत घरही थोडे हलते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. अशा भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. पावसाळ्यात मिटून उन्हाळ्यात उघडणारी भेग सिमेंटने बुजवली, तर ती पुढच्याच मे महिन्यात पुन्हा तोंड वासते. म्हणून पत्रीच्या, म्हणजे रंगकामाच्या चपट्या पात्याच्या, टोकाने ती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात खरवडावी, धूळ ब्रशने पूर्ण झाडावी आणि थोडे ताणले जाणारे, बाहेरच्या कामाचे क्रॅक फिलर भरावे. केसासारख्या बारीक रेषांसाठी एवढा खटाटोप लागत नाही, त्या रंगाच्या थराखाली झाकल्या जातात. नाण्याची कड सहज आत जाईल अशी भेग असेल आणि ती घराच्या आतल्या बाजूलाही दिसत असेल, तर मात्र रंगाचा विषय थांबवून आधी अभियंत्याला दाखवावी.

आमच्या उत्तरेच्या भिंतीला, म्हणजे न्हाणीच्या मागच्या बाजूला, जोत्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. जवळून पाहिले तर गिलाव्यावर कापसासारखे पांढरे तंतू उगवलेले दिसत आणि बोट फिरवले की त्यांच्यासोबत रेतीही खाली पडे. जमिनीतले आणि विटांमधले क्षार ओलीसोबत वर चढतात आणि पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागावर साचतात, हे त्यामागचे साधे कारण आहे. लोणा पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच जातात. तो कोरड्या ब्रशने झाडून खाली पडलेली भुकटीही उचलून टाकावी. ओल अजून येते आहे का हे पाहण्यासाठी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून रात्रभर ठेवावा; सकाळी प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर भिंत रंगासाठी तयार नाही असे समजावे. अशा ठिकाणी ‘वॉटरप्रूफ’ रंगाचा जाड थर देण्याचा सल्ला दुकानातून हमखास मिळतो. मला तो पटत नाही. आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि थोड्याच काळात त्या थराला फोड येऊन पोपडे सुटतात. आम्ही न्हाणीच्या पाण्याची गळकी जोडणी बदलली, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग हलवला आणि तेवढ्या पट्ट्याला हवा खेळू देणारा चुना दिला. दिसायला तो पट्टा वेगळा दिसतो, पण त्याला इलाज नाही. त्याच बाजूच्या छज्जाखालचे शेवाळ ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने निघाले. मात्र त्या पाण्यात ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पश्चिमेकडची वाढीव खोली दुष्काळाच्या काळातली आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. माणसांना प्यायला पाणी नसताना नव्या गिलाव्यावर पाणी कोण मारणार? त्या वेळी झालेला गिलावा आजही तळहात फिरवला की रेती सोडतो. पावसाचा मारा नेमका याच भिंतीवर होत असल्याने तिथे सरळ रंग लावला असता, तर तो रेतीसह गळून पडला असता. हातोडीच्या दांड्याने ठोकून जिथे पोकळ आवाज आला तेवढा भाग उतरवून घेतला, गवंडीमामांकडून नवा गिलावा करून घेतला आणि तो रंगवण्यापूर्वी 28 दिवस जाऊ दिले, कारण ताजे सिमेंट फार क्षारधर्मी असते आणि त्यावर रंगाची पकड व छटा दोन्ही बिघडतात. उरलेल्या भागाला तारेच्या ब्रशने झाडून, आत मुरेल असा पातळ प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, दिला.

जुन्या चुन्यावर इमल्शन, म्हणजे पाण्याने पातळ करायचा डब्यातला तयार रंग, टिकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली आणि तिला पांढरा थर चिकटून आला, तर घासकाम बाकी आहे. सिमेंट पेंट स्वस्त असतो, परंतु त्यासाठी भिंत आधी भिजवावी लागते, कालवलेला रंग दोन-तीन तासांत संपवावा लागतो आणि नंतरही पाणी मारावे लागते. बाहेरच्या कामाच्या इमल्शनला उलट कोरडी भिंत हवी असते. बोअरच्या भरवशावर जगणाऱ्या घराने दुसरा पर्याय निवडणे मला शहाणपणाचे वाटते. तो पातळ करायलाही आम्ही जारचे पाणी वापरले. आमच्या बोअरचे पाणी बादलीच्या तळाशीसुद्धा पांढरा थर सोडते.

किती रंग लागेल याचा हिशेब घरीच करता येतो. तळ 25 फूट बाय 30 फूट आणि उंची 11 फूट असेल, तर चारही भिंती मिळून 1,210 चौरस फूट होतात. तीन फुटी कठड्याची बाहेरची बाजू 330 चौरस फूट. दारे-खिडक्यांचे 150 वजा केले की 1,390 उरतात. दोन हातांसाठी एका लिटरला 50 ते 60 चौरस फूट धरले, तर 25 लिटरच्या आसपास रंग पुरतो. खरबरीत गिलावा याहून जास्त पितो. मशीनवर मिसळलेल्या छटेत डब्यागणिक किंचित फरक पडू शकतो, म्हणून सगळे डबे एका स्वच्छ टिपाडात एकत्र करून घ्यावेत. छटा फिकटच घ्यावी. गडद भिंत ऊन साठवते. फिकट रंगातही गेरू आणि पिवडीच्या जातीच्या छटा उन्हात टिकतात, कारण त्या मुळात लोहाच्या ऑक्साइडच्या असतात. भडक गुलाबी-जांभळ्यांबाबत ती खात्री नसते.

प्रत्यक्ष रंगकाम सावलीच्या मागे मागे करावे. दव सुकल्यावर, साधारण दहाला, पश्चिमेची भिंत घ्यावी आणि दुपारनंतर पूर्वेची. दक्षिणेच्या भिंतीचा मात्र हिवाळ्यात पेच असतो, कारण सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच झुकलेला असल्याने तिला सावली मिळत नाही; ती आम्ही ढगाळ दिवसासाठी राखून ठेवली. मधोमध थांबू नये, कोपऱ्यावर किंवा पाइपच्या रेषेवरच थांबावे, नाहीतर जोड कायमचा दिसतो. शेजारचे काका रोज कुंपणावरून विचारायचे, “काय ओ सर, पेंटर मिळंना का?” शेवटी त्यांनीच शिडी धरायला मुलाला पाठवले.

शिडीवरून हात पोहोचेल तेवढेच काम आपले मानले. जिन्यावरच्या खोलीची बाहेरची बाजू परांची बांधल्याशिवाय होण्यासारखी नव्हती आणि विजेची सर्व्हिस वायरही तिथूनच आत येते; ते काम पेंटरलाच दिले आणि त्याने सांगितलेली मजुरी घासाघीस न करता दिली.