सुकाणू कुणाच्या हवाली करायचं?

गेल्या रविवारी कोथरूडचं एक तरुण जोडपं घरी आलं होतं. चहा येण्याआधीच त्यांनी विचारलं, “शिडाच्या बोटीतून दोघंच लांबच्या सफरीला निघणार आहोत. सुकाणू ऑटोपायलटवर सोडावं की विंडवेनवर?” म्हणजे सुकाणू आपोआप धरणारं यंत्र विजेचं घ्यावं की वाऱ्यावर चालणारं? बोट तीस फुटी, टिलरची, म्हणजे चाकाऐवजी दांड्याने सुकाणू फिरवायची. हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतंच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुख्य भार विंडवेनवर टाका आणि जोडीला छोटा टिलर-पायलट, म्हणजे टिलरला जोडायचा ऑटोपायलट, ठेवा.

विंडवेनला वीज लागत नाही. वर वाऱ्यात एक पातं, खाली पाण्यात एक वल्हं. बोट वाऱ्याशी धरलेला कोन सोडू लागली की पातं कलतं आणि वल्ह्याला जरासा पीळ देतं. पुढचं काम पाण्याचं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीएत) असताना खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये मी धावत्या बोटीतून हात पाण्यात सोडायचो. तळवा सरळ असेपर्यंत काही नाही. किंचित तिरका केला की पाणी अख्खा हात बाजूला ओढून न्यायचं. तीच ओढ वल्ह्याला बसते आणि दोरांवाटे टिलरपर्यंत पोचते. बोटीचा वेग वाढला की ती ओढही वाढते. जोराच्या वाऱ्यात ऑटोपायलट मात्र बॅटरी खात सुटतो.

ते मी भोगलंय. जयगडच्या बाहेर रात्री दोनला बॅटरी उतरली आणि ऑटोपायलट गप्प झाला. जोडीदार नुकताच झोपला होता. उजाडेपर्यंत मी टिलर काखेत धरून बसलो; नकाशा बघायला खाली जाणंही जमलं नाही.

पण किनाऱ्याजवळ विंडवेनच्या भरवशावर डोळा लागू देऊ नका. ते दिशा धरत नाही, वारा धरतं. शाळेत आपण खारे वारे, मतलई वारे पाठ केले, ते इथे कामाला येतात. समजा रात्री ईशान्येच्या मतलई वाऱ्यावर तुम्ही दक्षिणेला चाललात. सकाळी तो पडतो, मग वायव्येचा खारा वारा सुटतो. विंडवेन तोच कोन राखायला जातं आणि बोटीचं तोंड पूर्वेला, थेट कोकणच्या खडकांकडे वळतं. अशा वेळी, आणि इंजिनावर चालताना, होकायंत्र बघून चालणारा टिलर-पायलटच हवा.

सुटे भाग भरपूर न्या. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, जिथे इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला बंदी असते, २०२२ साली भारतीय नौदलातून निवृत्त झालेल्या अभिलाष टॉमींनी विंडवेनच्या दुरुस्तीसाठी टॉयलेटचा दरवाजा कापला आणि दुसरे आले.

मात्र काहीही विकत घेण्याआधी शिडांचा तोल साधा. मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या शिडाच्या बोटीचं सेल्फ-स्टिअरिंग, म्हणजे आपोआप सुकाणू धरणारं यंत्र, ऑस्ट्रेलियाजवळ मोडलं, तरी ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले, कारण शिडं जुळवली की ती बोट आपली आपण वाट धरायची. टिलर सारखा हाताला ओढत असेल, तर कुठलंही यंत्र आधी त्या ओढीशीच झुंजेल. मोठं शीड वेळेवर आखूड करा.

त्या दोघांना मी एवढंच काम दिलंय: मांडव्याच्या बाहेर जा, शिडं लावा, टिलर सोडा आणि बोट किती सेकंद सरळ जाते ते मोजा. प्रत्येक वाऱ्याला, वहीत लिहून. ती वही घेऊन आले की पुढचं बोलू.